पोकळ गिटारची पावसाळी खरखर : दर जुलैला परत येणारा दोष कसा शोधावा

तक्रार आधी नेमक्या शब्दांत मांडतो, कारण हा दोष ज्यांना छळतो त्यांना तो वर्णनावरूनच ओळखू येईल. माझी इलेक्ट्रिक गिटार पूर्ण पोकळ अंगाची आहे. तिचा वरचा फळा कमानीसारखा फुगीर आहे, त्याला दोन बाजूंना एफ-होल, म्हणजे इंग्रजी f च्या आकाराची भोके, आहेत आणि तिचा लाकडी ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, फळ्याला चिकटवलेला किंवा स्क्रूने बसवलेला नसून केवळ तारांच्या दाबाने जागेवर उभा असतो. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत ती उत्तम वाजते. जूनच्या अखेरीस तारा बोटांना जड लागू लागतात, जुलै उजाडला की बी फ्लॅट या सुराबरोबर बारीक खरखर ऐकू येते, बाराव्या फ्रेटच्या (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) पुढचे सूर चढे लागतात आणि आवाजातला भरीवपणा जातो. दिवाळीनंतर हे सगळे आपोआप बरे होते आहे असे वाटेपर्यंत तारा फ्रेटवर घासू लागतात, कारण मधल्या काळात कोणीतरी त्या खाली आणून ठेवलेल्या असतात. हे चक्र मी तीन पावसाळे भोगले.

पहिल्या वर्षी दुरुस्तीच्या दुकानात ब्रिजच्या पितळी चाक्या फिरवून तारा खाली घेण्यात आल्या. दुसऱ्या वर्षी ट्रस रॉड (मानेचा वाक जुळवणारी आतली सळई) आवळला गेला आणि वाजवायला हलके जावे म्हणून 12 च्या ऐवजी 10 चा संच चढवला गेला, म्हणजे पहिल्या तारेची जाडी 0.012 इंचांवरून 0.010 इंचांवर आली. तिसऱ्या वर्षी सातवा फ्रेट उंच आहे असे ठरवून तो कानशीने घासला गेला, आणि घासलेला फ्रेट पुन्हा भरून येत नाही. दुकानाला दोष देण्यात अर्थ नाही. ‘सहाव्या तारेवर सहाव्या फ्रेटला खरखरते’ असे मीच जाऊन सांगत होतो, त्यामुळे त्यांनी तो फ्रेट आणि त्याच्या शेजारचा फ्रेट पाहिला.

गाठ सुटली ती गिटारशी संबंध नसलेल्या माणसाकडून. गिरगावात आमच्या चाळीत पेट्या दुरुस्त करणारे एक काका राहतात. पावसाळ्यात त्यांच्याकडे सूर चिकटलेल्या आणि भाता फुगलेल्या हार्मोनियमची रांग लागते. एका संध्याकाळी गॅलरीतून माझा रियाज ऐकून ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, “अरे, तो आवाज जागेचा आहे की सुराचा, ते आधी बघ. तोच सूर दुसऱ्या तारेवर काढ.” सहाव्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर जो बी फ्लॅट मिळतो, तोच पाचव्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर मिळतो, दोन्हींची कंपनसंख्या साधारण 116.5 हर्ट्झ असते. मी तो पाचव्या तारेवर वाजवला आणि खरखर तशीच आली. सातव्या फ्रेटचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

सूर की जागा

खरखर एकाच फ्रेटवर येत असेल आणि तोच सूर दुसऱ्या तारेवर स्वच्छ वाजत असेल, तर दोष फ्रेट, नट (मानेच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) किंवा मानेच्या वाकात शोधावा. खरखर मात्र कोणत्याही तारेवरून त्याच सुराला येत असेल, तर फ्रेटना हात लावू नये. गिटारवरची एखादी सैल वस्तू त्या कंपनसंख्येला जागी होते आहे असे समजावे. भरीव अंगाच्या गिटारमध्ये हा दुसरा प्रकार क्वचित आढळतो. पोकळ गिटारचा फळा मात्र ध्वनी निर्माण करण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे तो ब्रिज, पिकगार्ड (फळ्याला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेला पत्रा), टेलपीस (तारांची मागची टोके अडकवण्याचा भाग), पिकअपच्या (तारांची कंपने विजेच्या रूपात टिपणाऱ्या भागाच्या) चौकटी आणि स्वतःच्या पोटातल्या वायरी या सगळ्यांना हलवतो.

शोध घेण्याची रीत साधी आहे, फक्त त्यासाठी तिसरा हात लागतो. एकाने तो सूर सारख्या जोराने वाजवत राहावे आणि दुसऱ्याने एकेक वस्तू बोटाने हलकेच दाबून धरावी. सुरुवात पिकगार्डच्या पत्र्यापासून करावी, कारण सर्वाधिक वेळा तोच अपराधी असतो. मग टेलपीसची बिजागरी, पिकअपच्या उंचीचे स्क्रू आणि त्यांवरच्या स्प्रिंगा, खुंट्यांवरच्या षटकोनी चकत्या, आणि ब्रिज ते टेलपीस या भागातल्या तारा पाहाव्यात. या मागच्या तारा अनेकदा स्वतंत्रपणे झंकारतात. त्यांच्याखालून लोकरीच्या फेल्टची एक पट्टी विणल्यासारखी ओवली की त्या गप्प होतात. वायर फळ्याला आतून थडथडत असेल, तर एफ-होलमधून टॉर्च मारून पाहावे आणि फोमचा लहान तुकडा लावून ती बाजूला बसवावी.

माझ्या गिटारवर यातले काहीही दाबून फरक पडला नाही. ब्रिजच्या बाहेरच्या टोकावर, पहिल्या तारेच्या बाजूला, अंगठा टेकवला मात्र, आणि खरखर थांबली.

ब्रिजचा पाय आणि पतंगाचा कागद

येथे थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. सुट्या ब्रिजचे दोन भाग असतात: खालचा पाया, ज्याचे दोन पाय फळ्याच्या कमानीला बसतील असे कोरलेले असतात, आणि वरचा दांडा, ज्यावर तारा टेकतात, मधल्या दोन चाक्यांनी दांड्याची उंची कमीजास्त करता येते. सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या घोडीचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. एक फरक मात्र आहे. तंबोऱ्याची जवारी काढताना तार घोडीच्या पृष्ठभागाला हलके घासत राहावी अशीच योजना असते, आणि तेथे मिळणारा झंकार हा गुण ठरतो. या गिटारमध्ये तार ब्रिजवरून स्वच्छ सुटली पाहिजे आणि ब्रिजचा तळ फळ्याला सर्वत्र टेकला पाहिजे.

तो टेकतो की नाही हे पाहण्यासाठी मी पतंगाचा कागद वापरतो, कारण तो पातळ असतो आणि फळ्याच्या पॉलिशला ओरखडा पडत नाही. तारा पूर्ण सुरात ताणलेल्या असताना कागदाचा कोपरा ब्रिजच्या पायाखाली चारही बाजूंनी सरकवून पाहावा. पाय नीट बसलेला असेल तर कागद कोठेही आत शिरत नाही. माझ्या ब्रिजच्या बाहेरच्या कडेखाली तो जवळजवळ नखभर आत गेला, आणि आतल्या कडेपाशी अडला. हीच चाचणी मी पुढच्या फेब्रुवारीत केली तेव्हा कागद कोठेही शिरला नाही.

कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड ओल शोषते तेव्हा ते तंतूंच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडव्या दिशेने मात्र फुगते. कमानदार फळा कडेने चिकटवलेला असल्यामुळे त्याला बाजूला पसरायला वाव नसतो. तो वरच्या दिशेने उठतो आणि कमान किंचित अधिक उभी होते. सपाट कमानीला बसवलेला पाय उभ्या कमानीवर ठेवला की आतल्या कडा टेकतात आणि बाहेरच्या अधांतरी राहतात. अखंड स्प्रूस लाकडाच्या कोरीव फळ्यात हे अधिक होते, थर चिकटवून केलेल्या मेपलच्या फळ्यात कमी होते. गिब्सन या गिटार कंपनीने 1949 मध्ये आणलेल्या ईएस-175 या मॉडेलपासून असे थरांचे फळे इलेक्ट्रिक गिटारसाठी रूढ झाले. माझाही फळा थरांचाच आहे, आणि तरीही तो हलतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता बऱ्याचदा 85 टक्क्यांच्या वर असते, तर गिटार बनवणारे सहसा 45 ते 55 टक्के आर्द्रता योग्य मानतात. त्यात माझी खोली पश्चिमेच्या भिंतीची, आणि गिटारची पेटी वर्षानुवर्षे त्याच भिंतीला टेकवलेली होती. त्या भिंतीला पावसाळ्यात पोपडे धरतात हे दिसत असूनही पेटी तेथून हलवावी असे मला सुचले नाही, याची आता लाज वाटते.

तारा जड लागण्याचे कारणही यातच दडलेले आहे. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर येतो, म्हणून ब्रिज 1 मिलिमीटर वर उचलला गेला की बाराव्या फ्रेटवर तार साधारण अर्धा मिलिमीटर वर जाते. माझ्या नोंदींनुसार सहाव्या तारेची बाराव्या फ्रेटवरची उंची फेब्रुवारीत 2.0 मिलिमीटर आणि जुलैच्या अखेरीस 2.4 मिलिमीटर होती. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण तासभर बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायचे कॉर्ड) धरल्यावर मनगटाला कळतो.

हलक्या तारांनी केलेले नुकसान

दुसऱ्या वर्षी चढवलेल्या 10 च्या संचाने दोष कमी होण्याऐवजी वाढला, आणि तोही दोन प्रकारे. सुट्या ब्रिजला फळ्यावर दाबून धरणारी शक्ती केवळ तारांच्या ताणातून आणि ब्रिजवरून टेलपीसकडे उतरताना तारांना पडणाऱ्या कोनातून येते. तारा बारीक केल्या की ताण घटतो, दाब घटतो, आणि जो पाय जाड तारांखाली कसाबसा टेकून होता तो उघडपणे थरथरू लागतो. आवाज पोकळ आणि बारीक वाटू लागला होता तोही त्यामुळेच.

दुसरा परिणाम सुरावर झाला. लाकडी ब्रिजच्या दांड्यावर प्रत्येक तारेसाठी पुढेमागे पायऱ्या कोरलेल्या असतात. जुन्या पद्धतीच्या दांड्यावरची मोठी पायरी तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेच्या मध्ये असते, कारण तो दांडा वाउंड, म्हणजे वर बारीक तार गुंडाळलेल्या, तिसऱ्या तारेसाठी आखलेला असतो. 10 च्या संचात तिसरी तार साधी असते आणि तिला ब्रिज अधिक मागे लागतो. ती जुन्या जागेवर टेकवली की वरच्या फ्रेटवर ही जी ची तार हमखास चढी बोलते, आणि ब्रिज कितीही सरकवला तरी एक तार जुळवताना बाकीच्या बिघडतात. मी हा त्रास पावसाळ्याच्या खात्यावर टाकत होतो. आता मी 12 ते 52 चा, वाउंड तिसऱ्या तारेचा संच वापरतो. बोटांना तो अधिक कष्टाचा आहे हे मान्य आहे, परंतु ज्यांना 10 च्याच तारा हव्या आहेत त्यांनी साध्या तिसऱ्या तारेसाठी कोरलेला दांडा किंवा प्रत्येक तारेची टेकण स्वतंत्रपणे सरकवता येणारा धातूचा दांडा बसवावा; अर्धवट बदल करू नये.

जुळवणीचा क्रम

ट्रस रॉडला पहिला हात लावण्याची सवय सोडावी. आधी तारा सुरात आणाव्यात, कारण सैल तारांवर घेतलेले कोणतेही माप खोटे असते. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सहावी तार मान अंगाला मिळते त्या फ्रेटवर दाबावी आणि सातव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजावी. ती 0.20 ते 0.25 मिलिमीटर असल्यास मान ठीक आहे आणि रॉडला स्पर्श करण्याची गरज नाही. फट बरीच जास्त असल्यास रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळावा, गिटार पुन्हा सुरात आणावी, काही तास जाऊ द्यावेत आणि पुन्हा मोजावे. फट मुळीच नसेल आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर असेल, तर रॉड तितक्याच बेताने सैल करावा. ओलीत मान कोणत्या बाजूला वाकते हे प्रत्येक गिटारचे वेगळे असते, म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावरून पाना फिरवू नये.

केवळ मोकळी तार खरखरत असेल आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावताच ती स्वच्छ होत असेल, तर नटची खाच खोल गेली आहे. एकाच फ्रेटवर त्रास असेल तर स्टीलच्या लहान पट्टीची सरळ कड तीन फ्रेटवर टेकवून ती डुलते का ते पाहावे. डुलली तर मधला फ्रेट उंच आहे. या दोन्ही कामांसाठी मी स्वतः कानस हाती घेत नाही.

हे सर्व पाहून झाल्यावरच ब्रिजच्या चाक्या फिरवाव्यात. फिरवण्यापूर्वी तारा थोड्या सैल कराव्यात, नाहीतर आटे झिजतात. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेला 2.0 आणि पहिल्या तारेला 1.6 मिलिमीटर ही 12 च्या संचासाठी समाधानकारक सुरुवात आहे. जोरकस स्ट्रोक देणाऱ्यांनी दोन्हीकडे थोडी वाढवावी.

ब्रिजच्या जागेविषयी एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. दादरहून बोरिवलीला लगेजच्या डब्यातून जाताना एका टोपलीचा धक्का पेटीला लागला आणि कार्यक्रमाच्या जागी गिटार काढली तेव्हा एकही कॉर्ड सुरात लागेना. ब्रिज 3 मिलिमीटर पुढे सरकला होता. 24.75 इंचांच्या, म्हणजे सुमारे 628 मिलिमीटरच्या तारेवर ब्रिज 1 मिलिमीटर सरकला की बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेच्या हिशेबात साधारण पावणेतीन सेंटने बिघडतो. तीन मिलिमीटरला तो आठ सेंटच्या घरात जातो, आणि अर्धा सूर 100 सेंटचा असला तरी आठ सेंट कानाला स्पष्ट बोचतात. तेव्हापासून ब्रिजच्या दोन्ही पायांच्या पुढच्या कडेला कमी चिकटपणाच्या मास्किंग टेपची बारीक पट्टी खुणेसाठी लावलेली असते. मूळ जागा ठरवताना बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता तिला बोट नुसते टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबून काढलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहावा: दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे, उतरलेला असेल तर मानेकडे सरकवावा. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नयेत. एक काढावी, एक चढवावी.

पाय घासून बसवणे

पायाखाली कागद शिरत असेल तर तो घासून बसवावा लागतो. हे काम घरी करता येते, पण ते भर पावसाळ्यात करू नये. जुलैच्या कमानीला बसवलेला पाय फेब्रुवारीत आतल्या कडांनी अधांतरी राहतो आणि दोष केवळ महिना बदलून परत येतो. गिटार आठ-दहा दिवस 50 ते 55 टक्के आर्द्रतेत ठेवल्यानंतरच सुरुवात करावी.

तारा काढण्यापूर्वी जागेच्या खुणा कराव्यात, भोवतालचा फळा जाड कापडाने झाकावा, आणि ब्रिजच्या जागी 120 नंबरचा पॉलिश पेपर खडबडीत बाजू वर करून टेपने घट्ट चिकटवावा. त्यावर ब्रिजचा सुटा पाया तारांच्या दिशेने, दोन-तीन सेंटिमीटरच्या फेऱ्यांनी, पुढेमागे फिरवावा. हात डुलू देऊ नये. डुलला की पायाच्या कडा गोल होतात आणि मध्ये पोट राहते. पायाच्या तळाला आधी खडू फासून ठेवला, तर लाकूड कोठे घासले जाते आहे ते लगेच दिसते: पहिल्या वीस फेऱ्यांत माझ्या पायाच्या फक्त आतल्या कडांवरचा खडू गेला, शंभरेक फेऱ्यांनंतर सगळा तळ एकसारखा तपकिरी झाला. शेवटी 240 नंबरच्या कागदावर थोडे हात फिरवून धूळ पुसावी आणि पतंगाच्या कागदाची चाचणी तारा ताणून पुन्हा करावी. काही जण ब्रिज फळ्याला खिळवून टाकतात. फळ्याला भोक पाडण्याचा हा उपाय मला पसंत नाही.

पाय बसवला तरी गिटार पुन्हा ओल्या भिंतीला टेकवली तर श्रम वाया जातात. पेटीत एक स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे यंत्र) ठेवावा, मात्र त्याच्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी तो तपासावा. बाटलीच्या टोपणात स्वयंपाकाचे मीठ घ्यावे, ते ओले होईल इतकेच पाणी घालावे, विरघळू देऊ नये, आणि टोपण व हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवावेत. आत 75 टक्के आर्द्रता तयार होते. माझे यंत्र तेथे 69 दाखवत होते, म्हणजे ते सहा टक्के कमी सांगते. त्यानंतर पेटीत सिलिका जेलची तापवून पुन्हा वापरता येणारी पुडी ठेवून आकडा 55 च्या आसपास राखावा, आणि तो 45 च्या खाली जाऊ लागला की पुडी बाहेर काढावी. कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवण्याची आपल्याकडची जुनी युक्ती कॅमेऱ्यांसाठी ठीक असेल. गिटारला एकाच बाजूने ऊब लागते, म्हणून मी ती वापरत नाही. रात्रभर एसी आणि दिवसभर उघडी खिडकी हा प्रकारही तितकाच वाईट आहे, कारण लाकडाला सततच्या चढउताराचा त्रास अधिक होतो.

मोठ्या आवाजात शिटी मारणे

गणपतीच्या कार्यक्रमात ही गिटार मोठ्या आवाजात शिटी मारते किंवा घुमू लागते, त्याचा पावसाशी संबंध नाही. स्पीकरचा आवाज फळ्याला हलवतो, फळा तारांना हलवतो, पिकअप ते पुन्हा स्पीकरकडे पाठवतो, आणि हे वर्तुळ फळ्याच्या किंवा पोटातल्या हवेच्या अनुनादावर, साधारण 100 ते 250 हर्ट्झच्या पट्ट्यात, पेट घेते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गिटार येथे वेगळ्या वागतात: गिब्सनच्या 1958 च्या ईएस-335 मध्ये अंगाच्या मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा घातलेला आहे, तर 1961 च्या एपिफोन कसिनोमध्ये तो नाही. एफ-होलमधून टॉर्च मारल्यास आपल्याकडे कोणती जात आहे ते कळते. ठोकळ्याच्या गिटारचा ब्रिज सहसा पक्का बसवलेला असतो, त्यामुळे वरचा पाय घासण्याचा भाग तिला लागू होत नाही.

उपाय करताना आधी जागा बदलावी. ॲम्प लाकडी मंचावर थेट ठेवू नये, खुर्चीवर घ्यावा, आणि स्वतः त्याच्या समोर उभे न राहता बाजूला उभे राहावे. मग ज्या सुराला घुमते तो सूर ट्यूनरवर पाहून ईक्यूवर (आवाजातल्या वेगवेगळ्या कंपनसंख्यांच्या पट्ट्या कमीजास्त करणाऱ्या नियंत्रणावर) तेवढीच अरुंद पट्टी कमी करावी. सगळा बास काढून टाकला तर पोकळ गिटार बाळगण्याचे प्रयोजनच उरत नाही. तेवढ्याने भागले नाही तर एफ-होल बंद करावेत. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग आपल्या गिटारच्या एफ-होलमध्ये कापड कोंबत असत, आणि 1980 मध्ये गिब्सनने त्यांच्या नावाचे ल्युसिल मॉडेल काढले तेव्हा त्याला एफ-होलच ठेवले नाहीत. मी काळ्या फोमचे दोन तुकडे कापून बसवतो आणि त्यांना दोरा बांधून तो बाहेर ठेवतो, कारण पहिल्या खेपेस एक तुकडा आत पडला होता आणि तो काढण्यात मध्यंतर संपले.

सतत येणारी घूं मात्र विजेची असते, कारण आपला पुरवठा 50 हर्ट्झचा आहे. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर अर्थिंगची वायर शाबूत आहे. तारांना हात लावून काही फरक पडत नसेल आणि जॅकच्या (केबल जोडण्याच्या खाचेच्या) धातूला लावल्यावर कमी होत असेल, तर टेलपीसकडे जाणारी वायर तुटली आहे किंवा समुद्राच्या हवेने तिच्या टोकाला गंज चढला आहे. मल्टिमीटरने तार आणि जॅकची बाहेरची कड यांतला रोध मोजल्यास एक-दोन ओहमच्या आत असायला हवा. जॅक आणि पॉट (आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखालचा भाग) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात, पण पोकळ गिटारमध्ये ते एफ-होलमधून बसवावे लागतात: माशांच्या टाकीची बारीक नळी बाहेरच्या भोकातून आत ओवून एफ-होलमधून काढावी, तिचे टोक पॉटच्या दांड्यावर चढवावे आणि हळूच ओढावे. ॲम्पच्या तीन पिनांपैकी अर्थची पिन काढून घूं थांबवण्याचा प्रकार कोणी सुचवल्यास तो जिवावर बेतू शकतो, हे लक्षात ठेवावे.

बोटांच्या पेरांनी फळ्यावर टिचक्या मारल्या असता एखाद्या जागी फाटका, चिरका आवाज येत असेल, तर आतली पट्टी सुटली आहे. ते काम कारागिराकडे द्यावे आणि देताना मोजलेले आकडे, हायग्रोमीटरचा आकडा आणि तो कोणत्या महिन्यातला आहे हे लिहून द्यावे.

या वर्षी जुलैच्या अखेरीस पेटीतली आर्द्रता, यंत्राची सहा टक्क्यांची चूक धरून, 56 टक्के होती, सहाव्या तारेची उंची 2.1 मिलिमीटर होती आणि बी फ्लॅट स्वच्छ वाजत होता. आठवडाभराने मोकळ्या डी च्या तारेवर नवी झिणझिण सुरू झाली. ती सुराबरोबर फिरत होती, म्हणून मी पिकगार्डपासून ब्रिजपर्यंत सगळे दाबून पाहिले, काही सापडले नाही, आणि शेवटी गिटार घेऊन गॅलरीत गेलो. तेथे आवाज बंद. परत खोलीत आलो आणि तोच सूर वाजवत भिंतीच्या कडेने चाललो. फडताळात एकमेकांना टेकलेले स्टीलचे दोन डबे होते. त्यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी सरकवली आणि झिणझिण थांबली.